मोहरीएवढ्या तुकड्याची साक्ष

9 मार्च 1981 रोजी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयात ब्रूस राइट्झ आणि नॉर्मन शमवे या सर्जननी 45 वर्षांच्या एका बाईंच्या छातीत दुसऱ्या माणसाचं हृदय आणि दोन्ही फुप्फुसं एकत्र बसवली. फुप्फुसांच्या धमन्यांतला रक्तदाब भयंकर वाढण्याचा आजार बाईंना होता आणि तेव्हा त्यावर परिणामकारक औषध नव्हतं. ऑपरेशननंतर त्या चालू-फिरू लागल्या, घरी गेल्या आणि पाच वर्षांहून अधिक जगल्या. याआधी असं रोपण झालेला कोणीच इतका काळ जगला नव्हता. डॉक्टरांची खरी परीक्षा मात्र टाके घालून झाल्यावर सुरू झाली होती. शरीर हा परका अवयव खपवून घेतंय की आतल्या आत त्याच्यावर तुटून पडतंय, हे वेळेत ओळखायचं कसं?

स्टॅनफर्डकडे याचं उत्तर तयार होतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच फिलिप केव्ह्ज या तरुण सर्जनने हृदयाची बायॉप्सी सोपी करून टाकली होती. मानेतल्या शिरेतून एक लांब, लवचीक चिमटा हृदयाच्या उजव्या कप्प्यात सोडायचा, आतल्या भिंतीचा लहानसा तुकडा खुडायचा आणि तो मार्गारेट बिलिंगहॅम यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाठवायचा. बिलिंगहॅमबाई पॅथॉलॉजिस्ट. हृदयाचं रिजेक्शन, म्हणजे शरीराने ते नाकारणं, किती पुढे गेलंय हे पेशी बघून ठरवण्याची प्रतवारी त्यांनी बसवली आणि जगभरच्या हृदयरोपण केंद्रांनी ती उचलली. आता हृदय आणि फुप्फुसं दोन्ही एकाच दात्याची, एकाच दिवशी बसवलेली, एकाच रक्तावर पोसणारी. मग शरीर हल्ला करील तो दोन्हींवर बरोबरच करील, आणि हृदयाचा तुकडा तपासला की फुप्फुसांचीही खबर मिळेल, असा हिशेब डॉक्टरांनी मांडला. फुप्फुसाला हात लावायची गरजच उरणार नव्हती.

हिशेब तर्काला धरून होता, पण चुकीचा निघाला. 1984 साली स्टॅनफर्डच्याच प्रयोगशाळेतून माकडांवरच्या रोपणांचा अहवाल आला. त्यातल्या काही माकडांची फुप्फुसं रिजेक्शनने पार निकामी झाली होती आणि हृदयात मात्र म्हणावं असं काही नव्हतं. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड आणि पिट्सबर्ग या दोन्ही ठिकाणांहून माणसांमधली तीच हकीकत प्रसिद्ध झाली. हृदयाची बायॉप्सी स्वच्छ, आणि फुप्फुसात आग लागलेली. दोन अवयवांवरचे हल्ले आपापल्या वेळी येत होते. या दोन-तीन लेखांनी फुप्फुसरोपणाच्या इतिहासाला वळण दिलं असं मी मानतो. फुप्फुसात काय चाललंय हे फुप्फुसालाच विचारावं लागेल, हे त्यानंतर कोणालाच टाळता आलं नाही.

ते विचारणं अवघड का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. माणसात पहिलं फुप्फुसरोपण झालं ते 11 जून 1963 रोजी, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या जॅक्सन शहरात. जेम्स हार्डी यांनी जन्मठेप भोगणाऱ्या एका कैद्याचं कर्करोगाने ग्रासलेलं डावं फुप्फुस काढून तिथे दुसरं बसवलं. (त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, नागरी हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स गोळी लागलेल्या अवस्थेत याच रुग्णालयात आणले गेले. दुसऱ्या दिवशी अमेरिकेचं लक्ष साहजिकच त्या खुनाकडे होतं.) हार्डींचा रुग्ण 18 दिवस जगला आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. त्यानंतरच्या वीस वर्षांत जगभर मिळून चाळीसच्या आसपास प्रयत्न झाले. त्यांतला बेल्जियममधल्या गेंट इथला, फ्रिट्झ डेरोम यांचा 1968 सालचा रुग्ण दहा महिने टिकला. बाकी बहुतेक जण दिवसांत किंवा आठवड्यांत दगावले. कुणाचा श्वासनलिकेचा जोड उसवला, कुणाला जंतुसंसर्ग झाला, कुणाचं फुप्फुस शरीराने नाकारलं. यांतलं नेमकं काय झालं हे अनेकदा शवविच्छेदनाच्या टेबलावरच कळे.

मूत्रपिंड नाकारलं जाऊ लागलं तर लघवी कमी होते आणि रक्तातलं क्रिअ‍ॅटिनिन चढतं. फुप्फुसाचं तसं नाही. रिजेक्शनमध्ये ताप येतो, धाप लागते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, एक्स-रेवर पांढरट डाग दिसतात. न्यूमोनियातही हेच सगळं होतं. शिवाय फुप्फुस हा बाहेरच्या हवेला सतत उघडा असलेला अवयव, आणि रोपणानंतरची औषधं प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात. तेव्हा न्यूमोनिया काही दुर्मीळ पाहुणा नव्हे. त्यात भर म्हणजे दात्याच्या शरीरातून फुप्फुस काढताना त्याच्या लसिकावाहिन्या तुटतात, त्यामुळे पहिल्या दिवसांत त्यात पाणी साठतं आणि रिजेक्शन नसताना, जंतू नसतानाही एक्स-रे पांढरा दिसतो. एकाच चित्राचे तीन अर्थ, आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे. रिजेक्शन असेल तर स्टिरॉइडचा मोठा डोस शिरेतून द्यायचा. संसर्ग असेल तर तोच डोस माणसाचा जीव घेऊ शकतो.

टोरांटोच्या जनरल हॉस्पिटलात जोएल कूपर यांनी नोव्हेंबर 1983 मध्ये एका रुग्णात एकच फुप्फुस बसवलं आणि तो सहा वर्षांहून अधिक जगला, तेव्हा जोड उसवण्याचा प्रश्न सुटला होता. कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून कूपर यांच्या गटाने दाखवून दिलं होतं की सुरुवातीचे स्टिरॉइडचे डोसच जखम भरू देत नाहीत. मग सायक्लोस्पोरिन या नव्या औषधावर भर देऊन स्टिरॉइड लांबवलं, आणि पोटातला चरबीचा पडदा वर ओढून श्वासनलिकेच्या जोडाभोवती गुंडाळला. जोड धरला. पण या रुग्णाचं हृदय त्याचं स्वतःचंच होतं, म्हणजे खुडून बघायला दात्याचं हृदयही नव्हतं. त्या वर्षांत टोरांटोत आणि इतरत्रही डॉक्टर लक्षणं पाहून, कोंडीत सापडले की स्टिरॉइड देऊन वाट बघत. एका-दोन दिवसांत एक्स-रे निवळला, ऑक्सिजन चढला तर ते रिजेक्शनच होतं असं समजायचं. हे निदान नव्हे, पैज होती. लावणारे लोक अतिशय हुशार आणि जबाबदार होते, आणि तरी ती पैजच होती.

छाती उघडून फुप्फुसाचा तुकडा काढता येतच होता. चांगला, ऐसपैस तुकडा मिळतो आणि पॅथॉलॉजिस्टला शंका उरत नाही. पण नुकतंच एवढं मोठं ऑपरेशन सोसलेल्या माणसाला पुन्हा भूल देऊन, बरगड्यांमधून वाट काढून, छातीत नळी ठेवायची. आणि हे एकदा नव्हे, पहिल्या वर्षात चार-पाचदा? ते शक्य नव्हतं. वाट हवी होती ती श्वासाच्याच रस्त्याने आत जाणारी.

ती वाट फुप्फुसरोपणाचा विचारही न केलेल्या लोकांनी आधीच खणून ठेवली होती. 1897 मध्ये फ्रायबुर्गच्या गुस्ताव्ह किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेलं हाड सरळ, कडक नळीतून बघून बाहेर काढलं. ब्रॉंकोस्कोपीचा जन्म तिथला धरतात. पुढे मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकचे हॉवर्ड अँडरसन त्या कडक नळीतूनच एक बारीक चिमटा श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडे, थेट फुप्फुसाच्या स्पंजात नेऊ लागले. 1965 मध्ये त्यांनी ही पद्धत छापली आणि 1972 पर्यंत 450 रुग्णांचा अनुभव मांडला. 1960 च्याच दशकात टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या शिगेतो इकेदा यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण तयार केली. अँडरसनचा चिमटा आणि इकेदांची दुर्बीण एकत्र आल्यावर जाग्या रुग्णाच्या नाकातून आत जाऊन फुप्फुसाचा तुकडा आणणं ही दुपारच्या यादीतली एक तपासणी झाली. धूळविकार, सारकॉइड, क्षय यांच्या निदानासाठी ती चालू होती. रोपणाच्या रुग्णात ती करायला मात्र हात धजावत नव्हता. प्रतिकारशक्ती दबलेली, रक्तस्राव झाला तर? फुप्फुसाला भोक पडलं तर?

हे धाडस पद्धतशीरपणे केलं ते केंब्रिजजवळच्या पॅपवर्थ इस्पितळाने. पॅपवर्थ एव्हरर्ड हे छोटं गाव. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तिथे क्षयरोग्यांची वसाहत उभी राहिली, आणि तिचंच पुढे हृदय-फुप्फुसांचं नामांकित इस्पितळ झालं. तिथे 1984 पासून जॉन वॉलवर्क हृदय-फुप्फुस रोपणं करत होते. छातीचे डॉक्टर टिम हायगनबॉटम आणि पॅथॉलॉजिस्ट सुझन स्टुअर्ट यांनी ठरवलं की या रुग्णांचं फुप्फुस दुर्बिणीतून चिमट्याने तपासायचं. तक्रार असेल तेव्हा, आणि काही काळानंतर तक्रार नसतानाही. 1988 मध्ये त्यांचा लेख आला. चिमट्याने काढलेल्या त्या बारक्या तुकड्यांत रिजेक्शन ओळखू येतं, संसर्गापासून वेगळं करता येतं आणि रुग्णाला ते झेपतं, हे त्यांनी दाखवून दिलं. याच गटाने रुग्णांच्या हाती फुंकून बघायचं छोटं यंत्र देऊन घरी पाठवायलाही सुरुवात केली. रोज सकाळी फुंकायचं, आकडा वहीत लिहायचा, आकडा घसरला की इस्पितळ गाठायचं. बायॉप्सी कधी करायची हे रुग्णाचा श्वासच सांगू लागला.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. घशात बधिर करणारं औषध फवारतात आणि गुंगीचं इंजेक्शन देतात. दुर्बीण स्वरयंत्रातून खाली उतरते तेव्हा रुग्ण खोकतो. श्वासनलिकेचा जोड ओलांडून ती दात्याच्या फुप्फुसात शिरली की खोकला थांबतो. रोपणात नसा तुटतात आणि जोडाच्या पलीकडे खोकल्याची जाणीवच राहत नाही. याच कारणाने त्या भागात कफ साचला तरी रुग्णाला कळत नाही. आधी थोडं सलाइन आत सोडून परत ओढून घेतात. त्या पाण्यात जंतू, बुरशी, सायटोमेगॅलो विषाणू शोधायचे असतात. मग एक्स-रेच्या पडद्यावर बघत चिमटा पुढे सरकवायचा. अडलं की सेंटिमीटरभर मागे यायचं, चिमटा उघडायचा, पुन्हा पुढे, मिटायचा आणि ओढायचा. ओढताना पडद्यावर फुप्फुस किंचित खेचलं जाताना दिसतं. रुग्णाला छातीत टोचल्यासारखं दुखलं तर चिमटा फुप्फुसाच्या कडेला, आवरणाशी पोचलाय. तिथे चावा घेतला तर हवा बाहेर पडून छातीच्या पोकळीत साठेल, म्हणून मागे फिरायचं. हाती येतो तो दोन-तीन मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा तुकडा. तो द्रवात तरंगला तर त्यात हवेच्या पिशव्या आहेत असा अंदाज बांधतात. बुडाला तर बहुधा नुसती श्वासनलिकेची भिंत आलेली असते.

पॅथॉलॉजिस्ट हे तुकडे मेणात बसवतात, वेगवेगळ्या पातळ्यांवर काप काढतात, जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात आणि रक्तवाहिन्यांच्या भोवती बघतात. परक्या ऊतीवर चाल करून येणाऱ्या लिम्फोसाइट पेशी आधी तिथेच जमतात. पण पिट्सबर्ग, स्टॅनफर्ड आणि पॅपवर्थचे डॉक्टर जे बघत होते त्याला तिघे तीन नावं देत होते. म्हणून 1990 मध्ये आंतरराष्ट्रीय हृदयरोपण संस्थेने बसवलेल्या गटाने पिट्सबर्गचे सॅम्युएल यूझम यांच्या पुढाकाराखाली एक सामायिक प्रतवारी आखली. 1996 आणि 2007 मध्ये ती सुधारली, आणि 2007 च्या मसुद्याचं नेतृत्व पॅपवर्थच्या त्याच सुझन स्टुअर्ट यांनी केलं. रक्तवाहिन्यांभोवतीच्या हल्ल्याला ए. ए-0 म्हणजे काही नाही. ए-1 मध्ये दोन-तीन पेशींच्या जाडीचं विरळ कडं, तेही भिंग वाढवल्याशिवाय दिसत नाही. ए-2 मध्ये कडं लहान भिंगातूनही चटकन नजरेत भरतं. ए-3 मध्ये पेशी वाहिनी सोडून हवेच्या पिशव्यांच्या भिंतींत पसरतात आणि ए-4 मध्ये त्या भिंतीच उद्ध्वस्त झालेल्या असतात. छोट्या श्वासनलिकांच्या भोवतीच्या दाहाला बी. ए-2 पासून पुढे स्टिरॉइडचा मोठा डोस, तीन दिवस शिरेतून, हा बहुतेक ठिकाणचा रिवाज झाला. ए-1 चं काय करायचं, यावर केंद्राकेंद्रात मतभेद राहिले आणि आजही आहेत.

तुकडा लहान असण्याची अडचण इथेच भोवते. रिजेक्शन फुप्फुसभर सारखं पसरत नाही. इथे थोडं, तिथे नाही. चिमटा जिथे बसला तिथे नसेल तर अहवाल स्वच्छ येतो आणि रोग मागे राहतो. म्हणून प्रतवारीने अट घातली की हवेच्या पिशव्या असलेले निदान पाच चांगले तुकडे हवेत. चिमट्याच्या जबड्यात ऊती चिरडते, रक्ताने भरते, कधी नुसता श्लेष्मा येतो. त्यामुळे पाच चांगले मिळायला आठ-दहा वेळा चिमटा मारावा लागतो. 1991 च्या एका अभ्यासाने तर असं मांडलं की रिजेक्शन सापडेलच अशी 95 टक्के खात्री हवी असेल तर 18 तुकडे लागतील. अठरा वेळा चिमटा मारायचा म्हणजे अठरा वेळा रक्तस्रावाचा आणि छिद्राचा धोका पत्करायचा. फुप्फुसाविषयी जितकं जास्त जाणून घ्यायचं, तितकं ते जास्त जखमी करायचं, ही अडचण या साऱ्या इतिहासात कुठेच सुटलेली नाही.

मग वाद पेटला तो ठरावीक महिन्यांनी तक्रार नसलेल्या रुग्णाचीही बायॉप्सी करावी का, याचा. करणाऱ्यांची बाजू भक्कम होती: ठणठणीत दिसणाऱ्या, मजेत फिरणाऱ्या रुग्णांच्या तुकड्यांतही ए-2 सापडत होतं. न करणारे म्हणत, ते सापडून आयुष्य वाढतं हे कुठे सिद्ध झालंय? 2002 मध्ये अमेरिकेतल्या एका केंद्राने अशी नेमाची बायॉप्सी न करताही आपले रुग्ण इतरांइतकेच टिकतात असं दाखवलं. माझा स्वतःचा कल करणाऱ्यांकडे आहे. लक्षणं दिसेपर्यंत थांबणं म्हणजे नुकसान होऊ देणं, असं मला वाटतं. पण समोरच्यांचा युक्तिवाद खोडून काढणारा पुरावा माझ्याकडे नाही, आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

तीव्र रिजेक्शन चिमट्याला सापडत होतं. जुनाट रिजेक्शनने मात्र त्याला हरवलं. स्टॅनफर्डच्या पहिल्या रुग्णांतच हे दिसलं होतं. रोपणानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी रुग्णाची धाप वाढत जाते, औषध लागू पडत नाही. फुप्फुसाच्या सर्वांत बारीक नळ्या आतून चट्टे पडून बुजत गेलेल्या असतात. 1984 मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. हा रोग इतका विखुरलेला असतो आणि नळ्या इतक्या बारीक असतात की मोहरीएवढ्या तुकड्यात त्या येतीलच याचा भरवसा नाही. रुग्ण डोळ्यांदेखत खचत असे आणि बायॉप्सी पुन्हा पुन्हा स्वच्छ येई. शेवटी 1993 मध्ये कूपर, बिलिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी गोष्ट केली. जुनाट रिजेक्शन ठरवण्यासाठी तुकड्याची अटच काढून टाकली. रोपणानंतर रुग्णाने एका सेकंदात जास्तीत जास्त जेवढी हवा फुंकली तो त्याचा स्वतःचा उच्चांक. दुसरं कारण नसताना फुंक त्या उच्चांकाच्या 80 टक्क्यांवर किंवा त्याखाली आली आणि तिथेच राहिली, तर निदान पक्कं. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेल्या बिलिंगहॅमबाईंची सही या लेखावर आहे, याचं मला फार कौतुक वाटतं. आपल्या साधनाला काय दिसत नाही हे त्यांनी उघड मान्य केलं आणि निर्णय रुग्णाच्या श्वासावर सोपवला.

दुसरी उणीव माणसाच्या डोळ्यातली होती. 2011 मध्ये अनेक केंद्रांच्या एका मोठ्या अभ्यासात दीड हजारांहून अधिक बायॉप्सींच्या काचपट्ट्या आधी स्थानिक पॅथॉलॉजिस्टनी आणि मग मध्यवर्ती पॅथॉलॉजिस्टनी वाचल्या. ए-प्रतवारीवर दोघांचं एकमत व्हायचं ते बरंचसं काहीच नाही असं म्हणण्यावर. योगायोगाने जुळणारा भाग वजा केला तर उरलेलं एकमत फारच तोकडं निघालं. एकाच तुकड्यावर एकजण स्टिरॉइड सुचवणार आणि दुसरा घरी पाठवणार, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. तीन-चार विरळ पेशी मोजायच्या, त्याही चिरडलेल्या ऊतीत. यात दोष वाचणाऱ्याचा कमी आणि तुकड्याचा जास्त आहे, असं मी म्हणेन.

तुकडा मोठा आणि न चिरडलेला हवा, ही मागणी त्यामुळे जुनीच होती. ती पुरी करायला जर्मनीतून एक वेगळं हत्यार आलं. श्वासनलिकेत वाढलेली गाठ गोठवून उपटून काढण्यासाठी तिथले डॉक्टर एक शीतशलाका वापरत असत. तिच्या टोकाशी दाबाखालचा वायू एकदम मोकळा होतो आणि टोक शून्याखाली 70-80 अंशांपर्यंत उतरतं. 2009 मध्ये त्यांनी तीच शलाका फुप्फुसाच्या आत नेऊन बायॉप्सी केली. टोकाभोवतीची ऊती काही सेकंदांत गोठून चिकटते. झटका देऊन ओढलं की तुकडा निघतो. चिमट्याने काढलेल्या तुकड्यांचं सरासरी क्षेत्रफळ 5.8 चौरस मिलिमीटर होतं, शलाकेच्या तुकड्यांचं 15.1. आणि जबड्यात न सापडल्यामुळे हवेच्या पिशव्या उघड्या, पेशी जागच्या जागी.

2013 मध्ये इस्रायलमधल्या पेताह तिक्वा इथल्या मॉर्देकाय क्रेमर यांच्या गटाने आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लॉनी यार्मस यांच्या गटाने फुप्फुसरोपणाच्या रुग्णांत शीतशलाकेची ही बायॉप्सी, म्हणजे क्रायोबायॉप्सी, करून बघितली. हॉपकिन्समध्ये एकाच रुग्णात, एकाच बैठकीत चिमटा आणि शलाका दोन्ही वापरली, म्हणजे तुलना अगदी समोरासमोर झाली. रुग्ण थोडे होते, पण शलाकेचे तुकडे मोठे आणि स्पष्ट होते, आणि मोठी दुर्घटना झाली नाही. त्याआधी, 2008 मध्ये, सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्स इस्पितळातून ॲलन ग्लॅनव्हिल यांच्या गटाने दाखवलं होतं की बी-प्रतवारी, म्हणजे छोट्या नळ्यांभोवतीचा दाह, जितका तीव्र तितका पुढच्या जुनाट रिजेक्शनचा धोका मोठा. चिमट्याच्या तुकड्यांत या नळ्या अनेकदा येतच नाहीत आणि अहवालात बी-एक्स, म्हणजे प्रत ठरवता आली नाही, असं लिहावं लागतं. शलाकेच्या तुकड्यात त्या येण्याची शक्यता वाढते. माझ्या मते क्रायोबायॉप्सीचं खरं मोल इथे आहे, नुसत्या आकारात नाही.

त्याची किंमत मोजावी लागते ती रक्ताने. गोठलेला तुकडा दुर्बिणीच्या बारीक छिद्रातून मागे येत नाही. म्हणून शलाका, तिला चिकटलेला तुकडा आणि दुर्बीण अशी सगळी एकदम बाहेर ओढावी लागते. त्या काही सेकंदांत आत कुणाची नजर नसते, आणि रक्त वाहिलं तर ते थांबवायला दुर्बीणही जागेवर नसते. म्हणून रुग्णाला पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालतात, आणि तुकडा जिथून काढायचा त्या श्वासनलिकेच्या फांदीच्या तोंडाशी आधीच एक फुगा नेऊन ठेवतात. तुकडा निघाला की फुगा फुगवून फांदी बंद करायची. फुप्फुसाच्या इतर रोगांत क्रायोबायॉप्सीनंतर रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ही तयारी कोणी हलक्याने घेत नाही. 2016 मध्ये मेयो क्लिनिकच्या पॅथॉलॉजिस्टनी रोपणरुग्णांवरच्या आपल्या लेखाच्या शीर्षकातच विचारलं की यातून होणारा फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे का. त्याच्या पन्नास वर्षं आधी अँडरसनने चिमटा आत नेला तोही याच क्लिनिकमध्ये. नंतर शलाका आणखी बारीक झाली, 1.1 मिलिमीटरची, तिचा तुकडा दुर्बिणीच्या आतूनच बाहेर येतो आणि दुर्बीण जागेवर राहते. तुकडा अर्थातच लहान झाला. आजही बहुतेक केंद्रांचं रोजचं काम चिमट्यावर चालतं आणि शलाका निघते ती चिमट्याने उत्तर दिलं नाही तर. छाती उघडून केलेली बायॉप्सी अगदी शेवटच्या पर्यायासाठी राखलेली आहे, तीही आता दुर्बिणीतूनच, दोन-तीन छोट्या छेदांनी.

गेल्या दहा वर्षांत तुकडा न काढताच काम भागवण्याचे प्रयत्न जोरात आहेत. दात्याच्या फुप्फुसातल्या पेशी मेल्या की त्यांच्या डीएनएचे तुकडे रुग्णाच्या रक्तात उतरतात आणि जनुकीय फरकामुळे ते रुग्णाच्या स्वतःच्या डीएनएपासून वेगळे मोजता येतात. 2015 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने फुप्फुसरोपणात हे मोजून दाखवलं, आणि 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या शॉन ॲग्बोर-एनो यांच्या गटाने सिद्ध केलं की रोपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत ज्यांच्या रक्तात हे प्रमाण जास्त राहतं त्यांचं फुप्फुस पुढे लवकर निकामी होतं. कॅनडात एडमंटनचे फिलिप हॅलोरन तुकड्यातल्या पेशींचे आकार बघण्याऐवजी त्यातली कोणती जनुकं जागी आहेत ते यंत्राने वाचतात, म्हणजे दोन डोळ्यांच्या मतभेदाचा प्रश्न येत नाही. यातलं रक्ताचं साधन रुग्णाला सर्वांत कमी त्रास देणारं आहे. पण फुप्फुसाला इजा झाली एवढंच ते सांगतं. ती इजा लिम्फोसाइटनी केली की विषाणूने, हे त्या आकड्यात नसतं. संसर्गातही आकडा चढतो. म्हणून तो चढला की डॉक्टर रुग्णाला बोलावतात, दुर्बीण आत घालतात, आधी सलाइन सोडून जंतूंसाठी पाणी परत घेतात आणि मग चिमटा पुढे सरकवतात.